पहाटेचा वसंत आणि चार पायांचा सोबती

चैत्र लागला की आमच्या घरात दोघांना चैन पडत नाही. एक आमच्या सासूबाई. त्यांना आंबेडाळीचे वेध लागतात. दुसरा आमचा ब्रुनो. ब्रुनो हे नाव लेकीने ठेवलं. सासूबाईंना ते काही जिभेवर बसलं नाही, म्हणून त्यांनी त्याचा बंड्या करून टाकला. तो शहाणा दोन्ही नावांना शेपूट हलवतो.

हा बंड्या जातिवंत वगैरे काही नाही. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली जन्मलेला, तांबूस रंगाचा, उभ्या कानांचा साधा देशी कुत्रा. लेकीने तो पावसात भिजलेला उचलून आणला तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. "दोन खोल्यांत आपणच मावत नाही, त्यात हा!" असं मीच म्हणाले होते. आज पहाटे साडेपाचला माझ्या उशाशी येऊन जो नाक लावतो, तो हाच.

मैत्रिणींनो, खरं सांगते, लग्नाला वीस वर्षं झाली तरी मी हातात पिशवी न घेता घराबाहेर पडल्याचं मला आठवत नव्हतं. भाजी, दूध, दळण, शाळा, बँक, कुठल्या ना कुठल्या कामाशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, अशी आपली सवयच होऊन जाते. कुणी घातलेली बंदी नव्हे हो, आपली आपणच घातलेली! बंड्या आला आणि रोज पहाटे पाऊण तास बाहेर जाणं हेच काम झालं. त्या पाऊण तासात मला कळलं की आपल्या रस्त्यावरच्या पिंपळाला फाल्गुनात तांबूस पालवी फुटते आणि ती उजेडात काचेसारखी चमकते. इतकी वर्षं त्याच झाडाखाली मी रिक्षाची वाट पाहत उभी राहत होते!

पण या सुखाला एकदा माझ्याच हातून दृष्ट लागायची वेळ आली होती. त्याबद्दल पुढे सांगते, कारण त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

आपला वसंत कसा असतो?

पंचांगात वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. इंग्रजी चित्रांतला वसंत वेगळा. तिथे बर्फ वितळतं, हिरवळ उगवते आणि लोक दिवसभर कुत्र्यांना घेऊन कुरणात बागडतात. आपल्याकडे ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडीकाठची दमट हवा. इथे माघ-फाल्गुनातच काटेसावर, पळस, पांगारा फुलून जातात, आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरतात, कोकिळ पहाटे चारपासून ओरडत सुटतो. आणि सकाळचे नऊ वाजले की खुशाल ग्रीष्म सुरू! म्हणून मी म्हणते, आपला वसंत हा पहाटेचा वसंत आहे. सूर्योदयाच्या आगेमागे दीड-दोन तास आणि मावळतीनंतर तासभर, एवढाच तो आपल्या वाट्याला येतो. तेवढा मात्र भरभरून घ्यावा.

माणसाला घाम येतो, वारा लागला की अंग गार होतं. कुत्र्याला ती सोय नाही. त्याच्या तळपायांना थोडा घाम येतो तेवढाच. बाकी सगळी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून बाहेर टाकतो. हवेत दमटपणा असला की धापांनीही पुरेसं भागत नाही. त्यातून त्याच्या अंगावर बारा महिने केसांचा कोट! आपल्याला नुसतं उकडतंय असं वाटतं तेव्हा त्याचा जीव खरोखर घाबरा झालेला असू शकतो.

देशी कुत्र्याचे केस आखूड आणि तोंड लांबट असतं, म्हणून त्याला आपली हवा त्यातल्या त्यात मानवते. पण हल्ली फ्लॅटमध्ये हस्की, सेंट बर्नार्डसारखी थंड मुलखातली दाट केसांची कुत्री दिसतात. पगसारखी चपट्या नाकाची तर फारच. चपट्या नाकाच्या कुत्र्याला साधा श्वास घ्यायलाच कष्ट पडतात. त्याला उन्हात पळवू नका. अजून कुत्रा आणायचा असेल तर आधी याचा विचार करा, आणि टाकीखालच्या बंड्यांकडेही एकदा पाहा, एवढंच माझं सांगणं.

माझी चूक

गेल्या चैत्रातली गोष्ट. पाडवा होऊन आठवडा झाला होता. रविवारी श्रीमलंगगडाच्या पायथ्याला जाऊन झाडाखाली बसावं, डबा खावा, बंड्यालाही मोकळं हिंडता येईल, असं ठरलं. सकाळी सहाला निघायचं म्हणत होतो. पण पुऱ्या तळायच्या राहिल्या, ह्यांचा फोन आला, लेकीची ओढणी सापडेना. असं करत करत निघायलाच साडेनऊ झाले. "आता एवढी तयारी केलीय तर जाऊ या," असं मीच म्हणाले.

गाडी लावली तिथून हवी ती सावली पाऊण-एक किलोमीटरवर होती. अकरा वाजत आले होते. आम्हा सगळ्यांच्या पायांत चपला होत्या आणि तो बिचारा तापलेल्या डांबरावर अनवाणी. सुरुवातीला पाय उचलून उचलून नाचल्यासारखा चालला. लेक हसली, "बघ आई, नाचतोय!" मीही हसले. ते हसू आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. थोडं पुढे गेल्यावर तो रस्त्याच्या कडेला सरकू लागला, मग थांबू लागला. मी साखळी ओढली. आळशी झालाय म्हटलं. त्याची जीभ लालभडक झाली होती, तोंडातून चिकट लाळ गळत होती. आणि एकाएकी मागचे पाय लटपटले नि तो खाली बसला, तो उठेचना.

बाटलीतलं पाणी आम्हीच पिऊन संपवत आणलं होतं. लेक रडायला लागली. ह्यांनी त्याला उचलून घेतलं, तर अंग तव्यासारखं तापलेलं. जवळच्या पाड्यावरून एक म्हातारी हे पाहत होती. ती कमरेवर हंडा घेऊनच आली. काही विचारलं नाही, सांगितलं नाही. त्याला करंजाच्या सावलीत ठेवायला लावलं आणि हंड्यातलं पाणी हळूहळू त्याच्या पोटावर, मांड्यांच्या आत, पायांवर ओतायला लागली. मला म्हणाली, "बाय, पदरानं वारा घाल, बघत काय उभी राहिलीस!" मी पदर सोडून वारा घालत बसले. दहा-बारा मिनिटांनी त्याने डोळे उघडले. मग भिजलेल्या अवस्थेतच गाडीत घालून, खिडक्या उघड्या टाकून डॉक्टरांकडे गेलो. दोन दिवस सलाइन लागलं. वाचला.

डॉक्टर मला रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, "आजीबाईंनी पाणी घातलं नसतं तर तुम्ही माझ्याकडे कशाला येणार होतात?" लेक मात्र चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिचंही बरोबरच होतं. त्या मुक्या जिवाने चार वेळा सांगितलं होतं, पाय उचलून, कडेला सरकून, थांबून, धापा टाकून. आम्हाला ते ऐकू आलं नाही.

म्हणून पुढच्या सूचना मी पुस्तकी म्हणून देत नाही. त्या मला महाग पडलेल्या आहेत.

ऊन लागलं तर

कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, म्हणजे साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. ते १०४ च्या वर गेलं की धोका, आणि १०६ च्या आसपास पोचलं की मेंदू, मूत्रपिंडं, आतडी यांना इजा होऊ लागते. लक्षणं ओळखायला सोपी आहेत: न थांबणाऱ्या धापा, लालभडक जीभ आणि हिरड्या, चिकट लाळ, लटपटणारे पाय, उलटी, हाक मारली तरी लक्ष नसणं.

अशा वेळी आधी गार करा, मग डॉक्टरांकडे न्या. सावलीत घ्या, साधं गार पाणी अंगावर ओता. पोट, काखा, मांड्यांच्या आतली बाजू आणि पंजे विसरू नका. वारा घाला. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी चाटू द्या, घशात ओतू नका. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून तसाच ठेवू नका. तो थोड्या वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. तो उठून शेपूट हलवू लागला तरी डॉक्टरांना दाखवाच. आतली इजा लगेच दिसत नाही.

आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कुत्र्याला पाच मिनिटंही एकटं ठेवू नका. काच चार बोटं खाली ठेवून काही उपयोग होत नाही.

वेळ आणि पायाखालचा रस्ता

चैत्रात आपल्याकडे साडेसहाच्या सुमारास उजाडतं. साडेपाच-सहाला निघावं आणि साडेसातपर्यंत घरी यावं. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर आणि फरशी बराच वेळ तापलेली राहतात, म्हणून साडेसातनंतरच बाहेर पडावं. एक सोपी परीक्षा सांगते. हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवा आणि मनात सात आकडे मोजा. हात ठेववला नाही, तर पंजाही ठेववणार नाही. मग त्या वेळी मातीच्या कडेने जा, नाहीतर जाऊच नका. दुपारी लघवीपुरतं खाली नेणं वेगळं आणि फिरायला नेणं वेगळं.

फिरणं म्हणजे पळवणं नव्हे, हेही मला उशिरा कळलं. कुत्र्याचं जग नाकात असतं. आपण वर्तमानपत्र वाचतो तसा तो खांब, झुडूप, कट्टा हुंगत जातो. रात्री इथून कोण गेलं ते वाचतो म्हणा ना! त्याला मधेच ओढू नका. वीस मिनिटं निवांत हुंगू दिलं तरी घरी येऊन तो तृप्त होऊन झोपतो. आपणही तेवढ्यात वर पाहावं. कावळ्याच्या घरट्याजवळ घुटमळणारी कोकिळा मला अशीच दिसली.

कुठे न्यावं, कुठे नेऊ नये

ठाण्यात तलावपाळी, उपवन, कल्याणात काळा तलाव, डोंबिवलीत एमआयडीसीच्या निवासी विभागातले झाडांचे रस्ते, भोपरची टेकडी. मोकळा श्वास घ्यावा अशा जागा कमी होत चालल्या असल्या तरी संपलेल्या नाहीत. बागेच्या आत जाण्याआधी दारावरची पाटी वाचा. कुत्र्यांना मनाई असेल तर बाहेरच्या पदपथावरून फेरी मारावी, हुज्जत घालू नये. टेकडीवर पहाटे जावं, साखळी हातातच ठेवावी. गवतात टिटवीसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, आणि आपला सोबती कितीही गुणाचा असला तरी अंडं दिसल्यावर त्याचे गुण टिकत नाहीत.

खाडीकाठी मात्र जपून. भरती-ओहोटीचा चिखल वरून घट्ट दिसतो आणि पाय रुततो. काचा, गळ, जाळ्यांचे तुकडे असतात. खाडीचं खारट, सांडपाणी मिसळलेलं पाणी त्याला पिऊ देऊ नका.

आणि येऊर? ठाणेकर मैत्रिणी हे हमखास विचारतात. येऊरचं जंगल हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबटे राहतात, आणि कुत्रा हे इथल्या बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. उद्यानात पाळीव कुत्रा न्यायला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. धोका आपल्या कुत्र्याला असतो तसाच त्याच्यापासून जंगलालाही असतो. २०१८ साली गुजरातेत गीरच्या जंगलात सिंहांमध्ये कॅनाइन डिस्टेंपर या रोगाची लागण झाली आणि त्यात सिंह दगावले. हा रोग मुळात कुत्र्यांत आढळणारा. येऊरच्या वस्तीजवळ राहत असाल तर पहाटे अंधारात आणि तिन्हीसांजेनंतर कुत्र्याला एकटं बाहेर सोडू नका, रात्री घरातच घ्या.

बरोबर काय घ्याल?

पाण्याची बाटली आणि एक पसरट वाटी. मध्यम आकाराच्या, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून अधिक. बळकट साखळी किंवा पट्टा. ओढणाऱ्या कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बरा, म्हणजे गळा आवळत नाही. गळपट्ट्यावर आपला फोन नंबर शिवून घ्यावा. फटाके किंवा ढोल वाजल्यावर बिथरून सुटलेला कुत्रा त्यावरूनच परत मिळतो. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे आणि एक पिशवी. त्याची शी आपण उचलायची. बाई काय म्हणेल, लोक काय म्हणतील, हा संकोच दोनच दिवस टिकतो.

मोकळ्या मैदानात खेळवायचं असेल तर पंधरा-वीस फुटांची सुती दोरी बांधावी. त्याला मोकळं वाटतं आणि आपला जीव टांगणीला लागत नाही. "ये" म्हटल्यावर आला की पोळीचा लहानसा तुकडा द्यावा. पुढे महिनाभरात तो तुकड्यावाचूनही येतो. भाकरीचे तुकडे गवतात लपवून "शोध" म्हणावं. मुलांनाही हा खेळ फार आवडतो. वाळकी काठी मात्र फेकू नका. धावत येऊन पकडताना ती तोंडात, घशात रुतते. चेंडू बरा, पण तो घशात अडकणार नाही इतका मोठा हवा.

गल्लीतली कुत्री भुंकत आली तर पळू नका, आपल्या कुत्र्याला उचलून डोक्यावर धरू नका. त्याला आपल्या मागे घेऊन सावकाश निघून जा. दुसऱ्या दिवशी रस्ता बदला. त्यांचीही हद्द असते. कुत्री माजावर असेल तर साधारण तीन आठवडे तिला फार जपून न्यावं लागतं. पिल्लं नको असतील तर डॉक्टरांशी बोलून शस्त्रक्रिया करून घेणं हेच शहाणपणाचं.

गोचीड आणि रॉकेल

उकाडा वाढला की गोचीड वाढतात. फिरून आल्यावर रोज दोन मिनिटं कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, शेपटीखाली हात फिरवून बघा. गोचीड चाव्यातून ताप देतो. कुत्रा खाईनासा होतो, मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्तही येतं. तसं काही दिसलं तर घरगुती उपचारात दिवस घालवू नका.

आपल्याकडे गोचिडावर रॉकेल चोळायची जुनी पद्धत आहे. कुणी बिछान्यात डांबराच्या गोळ्या ठेवतं. दोन्ही बंद करा. रॉकेलने कातडी सोलवटते आणि ते चाटलं तर पोटात जातं. डांबराची गोळी तर विषच. चिमट्याने गोचीड कातडीलगत धरावा, न पिळता सरळ ओढून काढावा, साबणाच्या पाण्यात टाकावा. नखाने चिरडू नये. औषध डॉक्टरांनी वजन पाहून दिलेलंच वापरावं. फरशी फिनेलने पुसलीत तर ती पूर्ण वाळेपर्यंत त्याला तिथे येऊ देऊ नका. तो पंजे चाटतो, हे लक्षात असू द्या.

सणासुदीचे दिवस

वसंताची सुरुवातच रंगांनी होते. धुळवडीच्या दिवशी बंड्याला आम्ही सकाळी सहालाच फिरवून आणतो आणि मग तो दिवसभर घरात. रंग डोळ्यांत जातो, चाटून पोटात जातो. चुकून रंग लागलाच तर कोमट पाणी आणि सौम्य शांपू पुरे.

पाडव्याच्या शोभायात्रेचंही तसंच. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा १९९९ साली आमच्या डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने सुरू झाली आणि मग गावोगावी पसरली. फडके रोडची ती गर्दी, नऊवारीतल्या मुली, ढोलताशे, आपल्याला हौस! पण कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. त्याला झेंडूची माळ घालून मिरवायला नेऊ नका. आमची लेक हट्ट धरायची. आता तीच सगळ्यांना सांगते.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका येतात. त्यांतल्या कुणाला कुत्र्याची भीती असते, कुणाला सोवळंओवळं असतं. त्यांना हसू नये. तासभर त्याला आतल्या खोलीत ठेवलं तर काही बिघडत नाही. ताटातलं मात्र त्याला देऊ नका. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, मनुका आणि चॉकलेट हे त्याला बाधतं. म्हणजे कांद्याची आमटी गेली, मनुका घातलेला शिरा गेला, बेदाण्यांचं श्रीखंडही गेलं. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगम तर प्राणघातक. आंब्याच्या दोन फोडी चालतात, पण कोय नको, ती आतड्यात अडकते. कलिंगड द्यायचं तर बिया आणि साल काढून. दहीभात, बिनमिठाचं पातळ ताक, मऊ भाकरी हे आमच्या बंड्याचं उन्हाळी जेवण. तेही फिरून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने.

लस आणि शेजारधर्म

बाहेर नेण्याआधी पिल्लाच्या लसी पूर्ण करा. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांची असताना, मग डॉक्टर सांगतील तसे डोस आणि दरवर्षी एकदा, न चुकता. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणं कुत्र्यामुळे होतात, आणि लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण तो टाळता येतो. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका मुलाला पहिल्यांदा लस टोचली आणि तो वाचला. कुठल्याही कुत्र्याने चावलं, ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, तिखट, चुना भरत बसू नका. लसीचे सगळे डोस पुरे करा.

सोसायटीत कुत्र्यावरून होणारी भांडणं आपण सगळ्याच जाणतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या सूचनांप्रमाणे सोसायटीला ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. पण मैत्रिणींनो, हा कागद दाखवायची वेळ न आली तर उत्तम. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना लहानपणी कुत्रा चावलेला. पहिलं वर्षभर मी जिन्यात त्यांची चाहूल लागली की बंड्याला कोपऱ्यात बसवून उभी राहायची, त्या खाली गेल्यावर निघायची. एकही शब्द बोलावा लागला नाही. परवा त्यांनीच विचारलं, "आज तुमचा बंड्या दिसला नाही तो?" हक्क कागदावर मिळतो हो, पण शेजार असा जिन्यात मिळतो.

आणि कुत्र्याचं आपल्या माणसांना वावडं तरी कधी होतं? दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे आहेत, खंडोबाच्या पायाशी आहे. धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार झाला नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे "कोरडी खाऊ नको देवा" म्हणत तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपण लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या सासूबाई आधी कुत्रा घरात नको म्हणत होत्या. मलंगगडाहून आणल्यावर त्या रात्री त्याच्याजवळ ओलं फडकं घेऊन त्याच बसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "नामदेवाची गोष्ट मी तुझ्या नवऱ्याला सांगून झोपवलंय. आता तोंड लपवू कुठे?"

शेवटी

त्या प्रसंगानंतर महिनाभराने आम्ही पुन्हा त्या पाड्यावर गेलो. या वेळी सकाळी साडेसहालाच पोचलो. आजीबाईंसाठी लुगडं आणि पुरणपोळ्या नेल्या होत्या. त्यांनी लुगडं बाजूला ठेवलं आणि आधी बंड्याचे कान तपासले. "बरा दिसतो," म्हणाल्या. बंड्या त्यांच्या ओट्यावर असा पसरला की जणू त्यांचाच. साडेसातला त्यांनीच आम्हाला उठवलं, "चला, ऊन चढतंय."

आता आमच्या घरी नियम आहे: घड्याळात साडेसात वाजले की फेरी संपली, मग कितीही गार वारा असो. आणि चालताना बंड्या थांबला की मी थांबते. का थांबला ते बघते. कधी नुसता वास असतो, कधी पायात काटा, कधी तहान.

गंमत म्हणजे त्याच्यासाठी थांबता थांबता मीही थांबायला शिकले. पिंपळाची ती तांबूस पालवी आता हिरवी होऊ लागली आहे. उद्या पहाटे तुमच्या गल्लीतून फेरी मारून बघा. कुत्रा नसला तरी चालेल. पिशवी मात्र घरीच ठेवा.